स्वार तोच, घोडा नवा
धावत्या संगणकाला माप लावणाऱ्या साधनांच्या स्थलांतराचा इतिहास

बँकेत, पोस्टात, तहसील कचेरीत किंवा शिधावाटप दुकानात आपण सगळ्यांनी एक वाक्य ऐकलेले असते : 'सिस्टम स्लो आहे.' हे वाक्य खोटे नसते, पण ते उत्तरही नसते. सिस्टम म्हणजे नेमके काय, ती कुठे अडकली आहे आणि कशामुळे, हे ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. अंगात ताप आहे एवढे कळावे आणि तो कशाचा आहे हे कळू नये, तशी ही अवस्था.

संगणक चालू असताना, त्याला न थांबवता, त्याच्या पोटात काय चालले आहे हे पाहण्याची साधने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तयार झाली. प्रस्तुत लेखात त्यांच्या इतिहासाचे एकच अंग घेतले आहे. अशी साधने एका ऑपरेटिंग सिस्टमवरून दुसरीवर कशी नेली गेली, नेताना काय अडले आणि शेवटी काय पोहोचले, हे पाहायचे आहे. संगणकाच्या व्यवसायात अशा नेण्याला 'पोर्ट करणे' म्हणतात.

बदलापूरच्या नावाची एक लोकव्युत्पत्ती आमच्या भागात सांगितली जाते. या वाटेने जाणारे स्वार येथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. इतिहासाच्या कसोटीला ती उतरते की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. पोर्ट म्हणजे काय हे समजण्यासाठी तिच्याइतके सोपे चित्र मला सापडलेले नाही. स्वार तोच, खोगीर बहुधा तेच, घोडा मात्र नवा. नव्या घोड्याची उंची वेगळी, चाल वेगळी, बिथरण्याची कारणेही वेगळी. खोगिराचे पट्टे नव्याने बांधावे लागतात.

या इतिहासातून जो निष्कर्ष निघतो तो आधीच सांगून टाकतो. यंत्राच्या अडचणी एकेका माणसाने किंवा लहानशा चमूने दोन-तीन वर्षांत सोडवल्या. परवान्याची आणि मालकीची अडचण सुटायला मात्र बारा-तेरा वर्षे लागली. तेवढ्या काळात साधनामागची कल्पना दुसऱ्या वाटेने सीमा ओलांडून गेली होती. त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा मुक्काम बेंगळुरूला होता, आणि आपल्या वाङ्मयीन जगात त्याची फारशी वाच्यता झालेली नाही.

धावत्या यंत्राला माप

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत लेथवर काम केलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. यंत्र बंद करून माप घेतले तर जॉबची जाडी कळते, पण यंत्राचा दोष कळेलच असे नाही. स्पिंडलची थरथर ते फिरत असतानाच दिसते. म्हणून जुना कारागीर कान लावून ऐकतो, हात ठेवून पाहतो, फिरत्या भागाला डायल गेज लावतो.

संगणकाला असा कान लावता येत नाही. त्याच्या आत एकाच वेळी शेकडो प्रोग्राम चालू असतात आणि त्या सगळ्यांना प्रोसेसरचा वेळ, स्मृतीतली जागा, डिस्क आणि नेटवर्क वाटून देणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम. तिचा सर्वांत आतला भाग म्हणजे कर्नेल, मराठीत गाभा म्हणू. मंदावलेल्या संगणकाचे कारण पुष्कळदा या गाभ्यातच दडलेले असते.

ते शोधण्याचे जुने मार्ग तीन होते. पहिला, प्रोग्राममध्ये ठिकठिकाणी 'इथपर्यंत आलो' अशी नोंद लिहिणाऱ्या ओळी घालायच्या, प्रोग्राम पुन्हा बांधायचा आणि पुन्हा सुरू करायचा. पण पुन्हा सुरू करताच दोष नाहीसा होतो आणि चार दिवसांनी परत येतो. दुसरा, डीबगर लावून प्रोग्राम मध्येच थांबवायचा. प्रयोगशाळेत हे चालते. हजारो ग्राहकांचे व्यवहार चालू असलेल्या यंत्रावर चालत नाही. तिसरा, यंत्रात आधीपासून असलेले आकडे वाचायचे : प्रोसेसर किती टक्के गुंतला आहे, डिस्ककडे किती मागण्या गेल्या. यातून 'किती' कळते, 'का' कळत नाही.

मग हवे होते काय? चालू यंत्राला लावता येईल, वापरात नसताना त्याचा काही भार पडणार नाही, आणि लावणाऱ्याची चूक झाली तरी यंत्र कोसळणार नाही, असे साधन. तिन्ही अटी एकत्र पाळणे अवघड होते, विशेषतः तिसरी.

सन कंपनीतली एक फजिती

डिसेंबर १९९७. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ६४ प्रोसेसर असलेले आपले नवे मोठे यंत्र नुकतेच जाहीर केले होते. त्याची ताकद दाखवण्यासाठी चाचण्या चालू होत्या. त्यातल्या एका चाचणीत हे यंत्र जागतिक विक्रम मोडेल असे दिसत होते. पण मध्येच काही मिनिटे ते जणू दुसऱ्याच विचारात हरवून जाई. चाचणीचे काम जवळपास थांबे, आणि गाभा मात्र कसल्यातरी कामात बुडालेला असे. मग आपोआप सगळे सुरळीत होई.

कंपनीतील जाणकार अभियंते जवळजवळ आठवडाभर त्यामागे लागले होते. शेवटी सापडलेले कारण हास्यास्पद होते. त्या यंत्राच्या मांडणीत एक चूक राहिली होती. ते गरज पडल्यास नेटवर्कमधल्या राउटरचे काम करू शके. खरा राउटर अधूनमधून बंद पडे, आणि तो पुन्हा उभा राहीपर्यंत हे महागडे यंत्र इतरांची टपाले वाहून देण्याची हमाली करी. ही हकिगत त्या शोधात असलेले ब्रायन कँट्रिल यांनी पुढे २००६ साली 'एसीएम क्यू' या नियतकालिकात लिहिली. तिचा मथितार्थ असा की कारण साधे होते, पण ते पाहण्याची सोय नव्हती.

कँट्रिल, माइक शापिरो आणि ॲडम लेव्हेंथाल या तिघांनी सोलारिस या सनच्या ऑपरेटिंग सिस्टमसाठी जे साधन तयार केले ते 'डीट्रेस'. सप्टेंबर २००३ मध्ये ते सोलारिसच्या मुख्य प्रवाहात आले, २००४ साली त्यावरचा निबंध युसेनिक्सच्या परिषदेत वाचला गेला आणि जानेवारी २००५ मध्ये सोलारिस १० बरोबर ते सर्वांच्या हाती पडले.

त्याची रचना थोडक्यात अशी. गाभ्यातील जवळजवळ प्रत्येक कार्याच्या सुरुवातीला आणि शेवटी एक संभाव्य 'निरीक्षणबिंदू' असतो. सुरुवातीच्या सोलारिस १० वर असे ३०,००० हून अधिक बिंदू मिळत. एरवी ते अस्तित्वातच नसतात. गाभ्याची मूळ सूचना जशीच्या तशी चालत राहते. निरीक्षकाने बिंदू मागितला की त्या ठिकाणची सूचना धावत्या गाभ्यात बदलली जाते आणि वाट डीट्रेसकडे वळते. निरीक्षण संपले की मूळ सूचना परत जागेवर. काय टिपायचे हे 'डी' नावाच्या छोट्या भाषेत लिहायचे. या भाषेत मुद्दाम लूप ठेवलेला नाही. तेच ते काम पुन्हापुन्हा करायला सांगण्याची सोयच नाही, म्हणजे निरीक्षकाच्या चुकीने गाभा एका जागी कायमचा अडकण्याची भीती नाही. शून्याने भागले किंवा नसलेल्या जागेतून वाचायचा प्रयत्न केला तर ती चूक पकडली जाते आणि यंत्र चालू राहते. तिसरी अट अशी पाळली गेली.

या साधनाने काय दिसू शकते, याचा एक नमुना २००८ च्या अखेरीस जगभर पाहिला गेला. सनमधले ब्रेंडन ग्रेग डिस्कांच्या कपाटासमोर उभे राहून जोरात ओरडले, आणि शेजारच्या पडद्यावरच्या आलेखात त्या क्षणी डिस्कांचा विलंब वाढलेला दिसला. आवाजाच्या कंपनाने डिस्क अडखळतात, हे तोवर कोणी अशा रीतीने डोळ्यांनी पाहिले नव्हते. आलेख काढणारी व्यवस्था डीट्रेसवर उभी होती.

पहिला नवा घोडा

सनने डीट्रेसचा मूळ संकेत जानेवारी २००५ मध्येच खुला केला. ओपनसोलारिस या खुल्या प्रकल्पातला तो पहिला हप्ता होता. म्हणजे कोणीही तो वाचावा, बदलावा, दुसरीकडे न्यावा.

फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टमवर तो नेण्याचे काम जॉन बिरेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००६ मध्ये हाती घेतले. येथे पोर्टिंगमधली खरी मेहनत कुठे असते ते दिसते. डीट्रेसचा संकेत उचलून दुसऱ्या गाभ्यात ठेवणे हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग वेगळाच होता. सोलारिसचा गाभा स्वतःमधल्या प्रत्येक माहितीच्या घडणीचे एक संक्षिप्त वर्णन बरोबर बाळगतो. कोणत्या नोंदीत किती रकाने, कोणत्या रकान्यात काय, हे त्या वर्णनात असते. डीट्रेस त्यावर विसंबून असे. फ्रीबीएसडीकडे असे वर्णन नव्हते. ते तयार करायचे तर संकलकाने मागे ठेवलेली माहिती वाचणारे ग्रंथालय हवे, म्हणून बिरेल यांनी तेही लिहिले.

याला समांतर असे एक उदाहरण आमच्या शेजारी आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत आले, १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांच्याबरोबर सिंधी भाषाही आली. सिंधमध्ये ती अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाई. येथे ती देवनागरीतही लिहावी असा विचार पुढे आला आणि दोन लिप्यांचा वाद पुष्कळ वर्षे चालला. देवनागरीत लिहायला बसल्यावर लक्षात येते की सिंधीतले आत ओढून उच्चारायचे चार ध्वनी देवनागरीत नाहीत. तेव्हा ग, ज, ड, ब या अक्षरांखाली रेघ देऊन नवी चिन्हे करावी लागली. भाषा तीच होती. पण जुन्या लिपीत जे आयते मिळत होते ते नव्या लिपीत घडवावे लागले. बिरेल यांनी केले ते याच जातीचे काम होते.

त्यांच्यापुढे परवान्याचाही पेच होता. सनचा संकेत सीडीडीएल या परवान्याखाली होता, फ्रीबीएसडीचा गाभा बीएसडी परवान्याखाली. त्यांनी मधला मार्ग काढला. गाभ्यात फक्त काही आकडे, म्हणजे हुक, ठेवायचे आणि ते बीएसडी परवान्याखालीच लिहायचे. सनचा संकेत वेगळ्या मोड्यूलमध्ये, हवा तेव्हा जोडायचा. जानेवारी २००९ मध्ये फ्रीबीएसडी ७.१ बरोबर डीट्रेस बाहेर पडला. त्याच वर्षी बिरेल यांचे निधन झाले. ते हुक सर्वसाधारण गाभ्यात आधीपासून लावून देण्याची प्रथा मात्र २०१३ साली, ९.२ या आवृत्तीपासून पडली. तोवर ज्याला पाहायचे आहे त्याने आपला गाभा स्वतः पुन्हा बांधून घ्यावा लागे. साधन पोहोचणे आणि ते दाराशी उभे राहणे यांत चार वर्षांचे अंतर होते.

खिडकीला पडदा

ॲपलने ऑक्टोबर २००७ मध्ये मॅक ओएस एक्स १०.५ मध्ये डीट्रेस दिला आणि त्यावर 'इन्स्ट्रुमेंट्स' हा देखणा प्रोग्राम उभारला. येथे यंत्राची अडचण नव्हती, पैशाची नव्हती, परवान्याचीही नव्हती. तरी एक निराळी गोष्ट घडली.

जानेवारी २००८ मध्ये डीट्रेसच्या तीन कर्त्यांपैकी लेव्हेंथाल यांच्या लक्षात आले की मॅकवर काही निरीक्षणे गाळली जात आहेत. गाणी ऐकवणाऱ्या आयट्यून्ससारख्या प्रोग्रामना 'माझ्या आत डोकावू नका' अशी खूण करता येत होती, आणि ॲपलच्या डीट्रेसमध्ये ती खूण पाळली जात होती. विकलेल्या गाण्यांची कुलपे सुरक्षित ठेवण्यासाठी हे असावे असा तर्क करता येतो. पण परिणाम त्यापुरता राहत नव्हता. ठरावीक कालांतराने सगळ्या यंत्राची मोजणी करताना त्या क्षणी आयट्यून्स चालू असेल तर तो क्षण मोजलाच जाई ना, आणि मोजला गेला नाही हेही कळे ना. म्हणजे आयट्यून्सच काय, सगळ्या यंत्राचे चित्र चुकत होते. टीका झाल्यावर ॲपलने त्याच वर्षी ही वागणूक सुधारली.

प्रसंग लहान आहे, पण मला तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. तराजू दुकानदाराच्या मालकीचा असला की काय होऊ शकते, हे आपल्याला बाजारात ठाऊक असते. मोजण्याच्या साधनाला 'हे मोजू नकोस' असे आतून सांगता येत असेल, तर त्याने दिलेल्या बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही उडतो. पुढे २०१५ पासून मॅकमध्ये सुरक्षेसाठी नवी बंधने आली आणि डीट्रेसची पोच पुन्हा आखडली. त्यामागचे कारण सुरक्षेचे आहे आणि ते क्षुल्लक नाही. पण पाहण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

दोन मोकळ्या दारांमधली भिंत

आता उरला लिनक्स. जगातील सर्व्हरांचा फार मोठा हिस्सा त्यावर चालतो. डीट्रेस तेथे जाणे सर्वांत उपयोगाचे होते, आणि तेथेच तो अडला.

अडचण परवान्याची. लिनक्सचा गाभा जीपीएल या परवान्याखाली आहे, आणि त्याची अट अशी की त्याच्याशी एकजीव होणारे सगळे जीपीएलखालीच असले पाहिजे. सीडीडीएलची अट अशी की त्याखालच्या फाइली सीडीडीएलखालीच राहिल्या पाहिजेत. दोन्ही परवाने मुक्त आहेत. दोन्ही संकेत वाचायला, बदलायला, वाटायला मोकळे आहेत. पण दोन्हींच्या अटी एका वेळी पाळता येत नाहीत. दोन घरांची दारे सताड उघडी असावीत आणि मध्ये भिंत असावी, तसा हा प्रकार.

प्रयत्न झाले. पॉल फॉक्स या प्रोग्रामरने २००८ पासून एकट्याने लिनक्ससाठी डीट्रेसचे मोड्यूल लिहिले आणि सांभाळले. तांत्रिकदृष्ट्या ते चालले, पण लिनक्सच्या मुख्य प्रवाहात त्याला प्रवेश मिळणे शक्य नव्हते. जानेवारी २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली. ओरॅकल स्वतः लिनक्स विकत असे, म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये तिने आपल्या लिनक्ससाठी डीट्रेस जाहीर केला. पण परवाना तोच राहिल्याने तो तिच्या अंगणापुरता राहिला. मालकी एका हाती आली होती आणि भिंत पाडणे आता एका निर्णयाचे काम होते. तो निर्णय व्हायला आणखी काही वर्षे गेली.

दरम्यान लिनक्सवाले काय करत होते? हे पाहण्यासाठी आपल्याला थोडे मागे, आणि भारतात, यावे लागेल.

बेंगळुरूचा मुक्काम

डीट्रेस जन्मण्याआधी आयबीएमच्या ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टममध्ये धावत्या गाभ्यात निरीक्षणबिंदू घालण्याची सोय होती. ओएस/२ बाजारात मागे पडली. तेव्हा आयबीएमच्या रिचर्ड मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कल्पना लिनक्सवर आणली. तिचे नाव डायनॅमिक प्रोब्ज, म्हणजे डीप्रोब्ज. तिच्यावरचा निबंध २००१ च्या युसेनिक्स परिषदेत आहे. म्हणजे एका सिस्टमवरून दुसरीवर निरीक्षणाचे साधन नेण्याचा हा डीट्रेसच्या आधीचा प्रयत्न.

तो संपूर्ण रूपात लिनक्सच्या गाभ्यात कधीच स्वीकारला गेला नाही. गाभ्यात डीबगरसारखी मोठी यंत्रणा घेण्याविषयी लिनस टोर्व्हाल्ड्स यांची नाखुशी सर्वश्रुत होती. तेव्हा एक शहाणपणाचा निर्णय झाला. सगळा डोलारा नेण्याचा आग्रह सोडायचा आणि त्यातला अगदी मूळचा, लहानसा भाग तेवढा वेगळा काढायचा : गाभ्यातील कोणत्याही सूचनेवर बिंदू ठेवणे आणि तेथे आपले काम करून मूळ वाटेवर परत येणे. हा भाग म्हणजे केप्रोब्ज.

केप्रोब्जची मूळ फाइल आजही लिनक्सच्या गाभ्यात आहे आणि कोणालाही घरबसल्या वाचता येते. तिच्या माथ्यावर इतिहास लिहिलेला आहे. ऑक्टोबर २००२ : वम्सी कृष्ण एस. यांनी पहिली रचना केली, त्यात रस्टी रसेल यांच्या सूचना आहेत. जुलै २००४ : सुपर्णा भट्टाचार्य यांनी कार्याला दिलेली मूल्ये वाचण्याची सोय जोडली. ऑगस्ट २००४ : प्रसन्ना एस. पंचमुखी यांच्या सुधारणा. मे २००५ : कार्य संपून परतताना टिपण्याची सोय, त्यात पंचमुखींबरोबर हिएन न्गुएन आणि जिम केनिस्टन. वम्सी कृष्ण, सुपर्णा भट्टाचार्य, पंचमुखी ही मंडळी आयबीएमच्या भारतातील चमूची, आणि त्या चमूचे ठाणे बेंगळुरू. ऑक्टोबर २००४ मध्ये लिनक्स २.६.९ बरोबर केप्रोब्ज मुख्य प्रवाहात आला.

लगेच पुढच्या महिन्याची, नोव्हेंबर २००४ ची, नोंद दुसऱ्या एका फाइलीच्या माथ्यावर आहे. अनंत एन. मविनकायनहळ्ळी यांनी केप्रोब्ज पॉवरपीसी या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर नेला. इंटेलच्या प्रोसेसरवर सूचनांची लांबी कमीजास्त असते, म्हणून सूचनेच्या पहिल्याच बाइटवर थांबा बसवावा लागतो. पॉवरपीसीवर प्रत्येक सूचना चार बाइटची, म्हणून तेथे अख्खी सूचनाच काढून सापळा ठेवायचा. कल्पना तीच, बांधणी वेगळी. पुढे प्रोग्रामांच्या आत, गाभ्याबाहेर, असेच बिंदू ठेवण्याची सोय श्रीकर द्रोणमराजू आणि केनिस्टन यांच्या कामातून २०१२ मध्ये लिनक्स ३.५ मध्ये आली.

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. शिलाहारांच्या त्या देवळाचा काळ निश्चित करायला त्याचा आधार होतो. दगडावरच्या चार ओळी नसत्या तर आपण शैलीवरून अंदाज बांधत बसलो असतो. या फाइलींच्या माथ्यावरच्या ओळी मला त्याच योग्यतेच्या वाटतात. तारीख आहे, नाव आहे, काय केले ते आहे. भारतातील संगणकयुगाचा इतिहास आपण निर्यातीच्या आकड्यांतून आणि मोठ्या कंपन्यांच्या संस्थापकांच्या चरित्रांतून वाचतो. जगभरच्या यंत्रांच्या गाभ्यात बसलेले हे काम त्या इतिहासात फारसे येत नाही.

दोन वाटांचा संगम

केप्रोब्जच्या पायावर २००५ पासून रेड हॅट, आयबीएम आणि इंटेल यांच्या सहभागाने सिस्टमटॅप उभा राहिला. तो डीट्रेसला लिनक्सचे उत्तर होता. त्याची पद्धत मात्र जड होती. निरीक्षकाने लिहिलेले सी भाषेत बदलायचे, त्याचे मोड्यूल बांधायचे आणि ते गाभ्यात घालायचे. त्यासाठी त्या गाभ्याची भलीमोठी डीबग माहिती जवळ हवी. पाहण्याआधीची तयारीच लांबे.

निराकरण अनपेक्षित दिशेने आले. नेटवर्कमधली पाकिटे गाळण्यासाठी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी बीपीएफ नावाची छोटी यंत्रणा केली होती. ॲलेक्सी स्टारोव्हॉयटोव्ह यांनी तिचा विस्तार केला. हा ईबीपीएफ २०१४ पासून लिनक्सच्या गाभ्यात येऊ लागला, आणि २०१५ मध्ये, लिनक्स ४.१ पासून, तो केप्रोब्जच्या बिंदूंना जोडता येऊ लागला. त्याचे वैशिष्ट्य असे की गाभ्यात शिरणारा प्रत्येक छोटा प्रोग्राम आधी तपासला जातो. तो नक्की संपतो का, नको तेथे हात घालतो का, हे पाहूनच आत घेतला जातो. सुरुवातीच्या काळात त्यालाही लूपची मनाई होती. डीट्रेसच्या तिसऱ्या अटीचीच ही नवी मांडणी. मग २०१८ साली ॲलेस्टर रॉबर्टसन यांचे बीपीएफट्रेस पुढे आले, त्याच्या भाषेवर 'डी'चा प्रभाव आहे, आणि त्याच्या प्रसारात तेच ब्रेंडन ग्रेग पुढे होते, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी डिस्कांवर आरडाओरडा केला होता.

त्याच सुमारास ओरॅकलने अखेर भिंत पाडली. लिनक्ससाठीच्या डीट्रेसचा गाभ्यातला भाग जीपीएलखाली आणल्याचे २०१८ च्या आरंभी सर्वांच्या ध्यानात आले. पण आता लिनक्सला त्याची निकड राहिली नव्हती. ज्या सोलारिसवर डीट्रेस वाढला, तेथील बहुसंख्य अभियंत्यांना ओरॅकलने २०१७ मध्ये कमी केल्याच्या बातम्याही आल्या होत्या. पुढे ओरॅकलच्याच चमूने लिनक्सवरचा डीट्रेस नव्याने बांधायला घेतला, तो ईबीपीएफच्या पायावर. पाहुणा यजमानाच्या भांड्यांत स्वयंपाक करू लागला. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी डीट्रेस दाखवला आणि मार्च २०१९ मध्ये तो लोकांपुढे ठेवला. २०२१ मध्ये त्याच कंपनीने ईबीपीएफही विंडोजवर आणण्याचा प्रकल्प जाहीर केला. घोडे बदलण्याची परंपरा चालूच आहे.

काय पोहोचले?

या साऱ्या प्रवासाचा हिशेब मांडला तर एक गोष्ट ठळक दिसते. डीट्रेसचा संकेत जसाच्या तसा जेथे गेला, तेथे तो उपयोगी ठरला. पण सर्वांत दूरवर पोहोचला तो संकेत नव्हता, एक मापदंड होता : चालू यंत्राला, त्याला इजा न करता, मनात येईल तो प्रश्न विचारता आला पाहिजे. परवाना संकेताला अडवू शकला, या अपेक्षेला अडवू शकला नाही. एकदा लोकांनी असे पाहता येते हे पाहिले, की न पाहता राहणे त्यांना असह्य झाले.

दुसरी गोष्ट बेंगळुरूच्या कामातून दिसते. डीप्रोब्जचा पूर्ण डोलारा नाकारला गेला. त्यातला लहानसा गाभा स्वीकारला गेला आणि पुढच्या प्रत्येक साधनाच्या पायाखाली बसला. स्थलांतरात काय टाकून द्यायचे हे ज्याला कळते, त्याचेच काही टिकते.

तिसरी गोष्ट आपल्या दाराशी येते. सोलारिस १० ज्या वर्षी बाहेर पडले, त्याच २००५ च्या ऑक्टोबरात देशात माहितीचा अधिकार कायदा लागू झाला. सरकारी फाइलीत काय लिहिले आहे हे विचारण्याचा हक्क आपण मिळवला. पण आता निवृत्तिवेतन, शिधा, सातबारा, शाळाप्रवेश यांचा फैसला पुष्कळदा कागदाच्या फाइलीत होत नाही, चालत्या यंत्रात होतो. ते यंत्र अडले की माणसाचे काम अडते, दिवसाची मजुरी बुडते, बदलापूरहून ठाण्याला मारलेला हेलपाटा फुकट जातो. ते का अडले हे सांगू शकणारी साधने आज फुकट मिळतात, आणि यंत्र लिनक्सवर चालत असेल तर त्यांचा पाया त्याच्या पोटात आधीपासून आहे. काही भारतीय अभियंत्यांनी तो वीस वर्षांपूर्वी घातला आहे. कमतरता साधनाची उरलेली नाही. कोणत्या सेवेला किती विलंब झाला आणि तो कोठे झाला, हे सेवा चालवणाऱ्याने मोजून जाहीर करावे, ही मागणी अजून कोणी लावून धरलेली नाही. तांत्रिक स्थलांतर पूर्ण झाले आहे. नागरी स्थलांतर व्हायचे आहे.